कर्करोग संशोधन केंद्राच्या नियामक मंडळाला खुलं पत्र: गावातल्या बायांना आत जागा द्या

प्रति,
मा. संचालक आणि नियामक मंडळाचे सर्व सदस्य,
कर्करोग संशोधन केंद्र, मराठवाडा

विषय: विविधता व समावेशन समितीची रचना आणि क्षेत्र कार्यकर्त्यांची पदं बंद करण्याचा निर्णय

महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आपल्या केंद्राने एकाच तारखेची दोन परिपत्रकं काढली. पहिल्यात विविधता आणि समावेशन समिती नेमल्याचं कळवलं आहे. दुसऱ्यात असं आहे की पुढच्या प्रकल्पापासून क्षेत्र कार्यकर्त्यांची पदं बंद होतील आणि गावांतून माहिती गोळा करण्याचं काम एका एजन्सीकडे जाईल. समितीत नऊ जण आहेत. आठ विभागप्रमुख आणि मुंबईहून बोलावलेले एक सल्लागार. गावात फिरणारी एकही बाई त्यात नाही. कंत्राटावरचं कुणी नाही, अपंग कर्मचारी नाही, कॅन्सरमधून उठलेलं माणूस नाही. ही दोन्ही परिपत्रकं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

केंद्राचं नाव मी लिहीत नाही. माझ्यासोबत काम केलेल्या बाया अजून तिथे कंत्राटावर आहेत आणि त्यांची पुढची ऑर्डर आपल्याच सहीने निघायची आहे. पत्र कुणाला आहे ते आपल्याला कळेल.

मी वडवणी तालुक्यातली, जिल्हा बीड. आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायची. माझी पहिली तीन वर्षांची शाळा अर्धी गावात, अर्धी कारखान्यावरच्या कोपीत झाली. पुढे आजीने ठेवून घेतलं म्हणून बारावीपर्यंत पोचले. बी.ए. मुक्त विद्यापीठातून केलं, तेव्हा मला दोन लेकरं होती. आपल्या केंद्रात मी ११ वर्षं क्षेत्र कार्यकर्ती होते. घरोघरी जायचं, फॉर्म भरायचा, बाईला तपासणीसाठी तयार करायचं, नमुन्यांची शीतपेटी संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेत पोचवायची. नवव्या वर्षी माझ्याच छातीत गाठ सापडली.

आधी मला कामाबद्दल सांगायचं आहे, स्वतःबद्दल नंतर. आमच्या जाण्याने केंद्राचं काय जाईल, ते नीट समजावं म्हणून एक गोष्ट सविस्तर लिहिते.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची पाहणी चालू होती. फॉर्ममध्ये प्रश्न होता, ‘आपले गर्भाशय उच्छेदन झाले आहे का?’ कुणीतरी इंग्रजीवरून तो मराठीत आणला होता. प्रशिक्षणात सांगितलं होतं की प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा, शब्द बदलायचा नाही. आम्ही तसाच वाचला. बाया ‘नाही’ म्हणाल्या. त्यांना तपासणीची तारीख दिली, त्या आल्या नाहीत, आणि त्यांच्या नावापुढे ‘तपासणीस नकार’ असं पडलं. एका तांड्यावर मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा एक बाई चिडून म्हणाली, ‘काय सारखं सारखं इचारू लागलीस? माही पिशवी तं कवाच काढली. आता काय तपासनार?’

आमच्याकडे गर्भाशय कुणी म्हणत नाही, पिशवी म्हणतात. पिशवी काढली, पिशवीला सूज आली, पिशवी खाली आली. पांढरं जाणं याला श्वेतप्रदर म्हणत नाहीत, अंगावरून जातं म्हणतात. मी यादी घेऊन ती घरं पुन्हा पालथी घातली. नकार म्हणून लिहिलेल्या कितीतरी बायांची पिशवी काढलेली होती. त्यातल्याही काही जणींचं गर्भाशयाचं तोंड शिल्लक असू शकतं, म्हणजे त्यांची तपासणी करायलाच हवी. ते कळायला दवाखान्याचा डिस्चार्ज कागद बघावा लागतो. तो कागद पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत असतो आणि अनोळखी माणसापुढे ती पेटी उघडत नाही.

ही एका शब्दाची चूक होती. पण तिने दोन आकडे बिघडवले. ज्यांना तपासणीची गरजच नव्हती त्या हिशेबात धरल्या गेल्या, आणि आमच्या बाया तपासणीला नकार देतात असा निष्कर्ष निघाला. तो निष्कर्ष एका सादरीकरणात मी स्वतः ऐकला आहे. ‘ग्रामीण स्त्रियांमध्ये जागरूकतेचा अभाव’ असं त्या पानावर लिहिलेलं होतं.

बीड जिल्ह्यात पिशवीचा प्रश्न किती मोठा आहे हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१९ मध्ये त्यावर गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर ऊसतोड बायांची विचारपूस झाली आणि १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणींना डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, की ठेवली तर कॅन्सर होईल. माझी चुलती त्यांतलीच. पिशवी काढली तेव्हा ती तिशीतही नव्हती. कॅन्सरच्या नावाने ज्यांना एकदा फसवलं गेलं, त्यांच्या दारात जाऊन पुन्हा कॅन्सर हा शब्द उच्चारायचा, तर दारात उभी असलेली बाई ओळखीची लागते.

डिसेंबरात पाहणी करायला निघाल तर निम्म्या घरांना कुलूप दिसेल आणि आपल्या रजिस्टरात ‘पाठपुराव्यास अनुपस्थित’ पडेल. ती बाई पळून गेलेली नाही, ती उसाच्या फडात मोळ्या बांधत आहे. हे मी तीन बैठकांत सांगितलं. तिसऱ्या बैठकीनंतर वेळापत्रक बदललं, पण इतिवृत्तात ती सूचना कुणाची होती याची नोंद नाही.

आता थोडं मागचं. भूम आणि परंडा हे धाराशिव जिल्ह्यातले तालुके. त्यांना बार्शीसोबत धरून १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला माणूस दवाखान्यात आपणहून येईल अशी वाट न बघता गावात जाऊन, लोकांशी बोलून रोगी शोधायचे, ही पद्धत तिथेच बसवली गेली. मग १९९९ ते २००३ या काळात याच जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या एका अभ्यासात घेतल्या गेल्या. गावांचे ५२ गट पाडले होते. काही गटांत एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची चाचणी, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि तुलनेसाठी काही गट तपासणीविना ठेवले. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणी झालेल्या ३४ हजार बायांपैकी या कॅन्सरने ३४ गेल्या. तुलनेसाठी ठेवलेल्या ३१ हजारांपैकी ६४ गेल्या. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला धाराशिवच्या बायांमुळे कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणी आधी करा असं सगळ्या देशांना सांगितलं. मी नवीन कार्यकर्तींना हे शिकवायचे तेव्हा त्या ६४ बायांच्या आकड्यापाशी दर वेळी थांबायचे.

म्हणून मला कुणी ‘लाभार्थी’ म्हटलं की पटत नाही. मराठवाड्याच्या बायांनी कॅन्सरच्या संशोधनाला दिलेलं आहे, भरपूर दिलेलं आहे. ज्या ठिकाणी त्या दिलेल्याचा अर्थ लावला जातो, पैसे कशावर खर्च करायचे ते ठरतं, फॉर्ममधला शब्द निवडला जातो, त्या ठिकाणी त्यांच्यातली माणसं पगारावर, हक्काने असावीत, एवढं मी मागते आहे.

माझ्या तक्रारी लिहिते. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

सगळ्यात जड आहे ती भरतीची. गेल्या तीन वर्षांतल्या जाहिराती फक्त इंग्रजीत आणि फक्त संकेतस्थळावर आल्या. क्षेत्र पर्यवेक्षकासाठी सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी हवी, वय ३५च्या आत हवं, आणि मुलाखत पुण्यात. आमच्यातली एकही त्या चाळणीतून खाली उतरू शकत नाही. १५-१५ वर्षं गावं तुडवलेल्या बाया आहेत. त्या अनुभवाला गुण शून्य. मुलाखतीला गेलेल्या एका मुलीला, ती अंबाजोगाईची आणि एम.एस्सी. झालेली, पहिलाच प्रश्न इंग्रजीत विचारला, तिने मराठीत उत्तर सुरू केलं तर ‘इन इंग्लिश प्लीज’ म्हणाले. तिला जे काम करायचं होतं ते परळी तालुक्यातल्या गावांत होतं.

दुसरी तक्रार एजन्सीची. एजन्सीतून येणाऱ्या पोरापोरींचा दोष नाही, तीही पोटासाठीच येतात. पण तीन महिन्यांसाठी आलेल्या मुलाला बाईने कुठल्या विश्वासाने सांगायचं की अंगावरून लाल जातं? तांड्यावरची म्हातारी गोरमाटीत बोलते, तिला नीट मराठी येत नाही. नांदेडकडे देगलूरला तेलुगू, उमरग्याला कन्नड, आणि शहरांच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनी. आमच्या गटात एक लमाण बाई होती आणि एक परभणीची मुस्लिम मुलगी. त्या दोघींमुळे जी घरं उघडली ती माझ्याने उघडली नसती. त्या दोघींची कंत्राटं जूनमध्ये संपली.

तिसरी माझी स्वतःची. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, किरणांचे शेक झाले. उपचारांतच माझं ११ महिन्यांचं कंत्राट संपलं. पुन्हा अर्ज केला तेव्हा तंदुरुस्तीचा दाखला मागितला. डॉक्टरांनी लिहून दिलं, ‘काम करण्यास योग्य. उजव्या हाताने जड वजन उचलू नये.’ त्या दुसऱ्या वाक्यावर माझी फाइल चार महिने अडली. काखेतल्या गाठी काढल्या की हात सुजू शकतो, हे कॅन्सरच्या केंद्राला मी समजावून सांगावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं. शेवटी एका शास्त्रज्ञ मॅडमनी स्वतःच्या जबाबदारीवर चिठ्ठी लिहिली. शीतपेटी माझी जोडीदारीण उचलायची, बोलायचं काम मी करायचे. दोन वर्षं हे बिनतक्रार चाललं. खर्च वाढला नाही, नमुने उशिरा आले नाहीत.

उलट एक झालं. गेवराई तालुक्यात एक बाई छातीतली गाठ सहा महिने लपवून होती. नवरा टाकून देईल ही भीती. मी तिच्या स्वयंपाकघरात बसले आणि पदर बाजूला करून माझी बाजू तिला दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या जीपमध्ये येऊन बसली. पत्रकं वाटून हे होत नाही.

पण मॅडमच्या चिठ्ठीवर माझं काम टिकलं, नियमावर नाही. माझ्यासारखाच एक वाहनचालक होता. घशाच्या कॅन्सरमुळे त्याचं स्वरयंत्र काढलं होतं. त्याला चिठ्ठी देणारं कुणी भेटलं नाही. ‘फोनवर बोलता येत नाही’ या कारणाने त्याला परत घेतलं नाही. कॅन्सर हा अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बोलता न येणं त्यात आहे. तो २०१६चा कायदा प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगतो. आपलं धोरण मी शोधलं, मागितलं, मला मिळालं नाही. डेटा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट संध्याकाळी पाचला बंद होते. तिथे कुबड्या घेऊन काम करणारा मुलगा रोज जिना बसत बसत उतरतो.

बाळंतपणाचं थोडक्यात लिहिते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा आली, ती कंत्राटी बाईलाही आहे, आणि कंत्राट मध्येच संपलं तरी लाभ बुडत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. आपल्याकडे पोट दिसू लागलं की पुढची ऑर्डर निघत नाही. हे मी दोघींच्या बाबतीत पाहिलं. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीच्या समितीची नावं तिसऱ्या मजल्यावर इंग्रजीत लावली आहेत. आम्ही गावात, जीपमध्ये, परक्या अंगणात काम करतो. तीही कायद्याने कामाचीच जागा आहे. तक्रार कुणाकडे करायची हे ११ वर्षांत आम्हाला एकदाही सांगितलं गेलं नाही.

आणखी एक, जे बोलायला सगळे कचरतात. मी कुणाची जात विचारत फिरले नाही. पण जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या कोणत्या वस्तीतली माणसं उचलतात आणि सूक्ष्मदर्शकावर कोण बसतं, हे डोळ्यांना दिसतं. सफाई कामगाराची मुलगी विज्ञान शाखेत पहिली आली तेव्हा केंद्राने तिचा सत्कार केला, ते चांगलं केलं. तिला उन्हाळ्यात प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून घ्या असा अर्ज तिच्या आईने दिला. त्याचं उत्तर आलेलं नाही. तृतीयपंथी रुग्ण तोंडाच्या तपासणीला येतात, त्यांच्यासाठी फॉर्मवर रकाना आहे. कर्मचाऱ्यांत त्यांच्यातलं एकही माणूस नाही.

बाहेरून आलेल्या माणसांना माझा विरोध नाही, असं कुणी समजू नये. माझ्या केमोच्या वेळी केरळच्या एका सिस्टरने माझा हात धरून ठेवला होता. ती दोन वर्षांत आमच्यासारखं मराठी बोलायला शिकली. शास्त्रज्ञ देशभरातून यावेत, परदेशातून यावेत. मात्र इथल्या माणसांसाठी फक्त फाटकाबाहेरची कामं आणि तीही आता काढून घ्यायची, हे मी मान्य करणार नाही.

केंद्राच्या सभागृहात डॉ. कमल रणदिवे यांचा फोटो आहे. पुण्यात जन्मलेल्या या बाईंनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, स्तनाच्या कॅन्सरवर मूलभूत काम केलं, १९७३ मध्ये इतर जणींसोबत भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली. आणि उतारवयात खेड्यातल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं. त्या फोटोखाली बसून आपण आमची पदं बंद केली.

माझ्या मागण्या अशा आहेत.

क्षेत्र कार्यकर्त्यांची पदं बंद करण्याचं परिपत्रक मागे घ्या. जूनमध्ये ज्यांची कंत्राटं संपली त्यांना आधी बोलवा.

समितीत निम्मी माणसं विभागप्रमुख सोडून असावीत. क्षेत्र कार्यकर्ती, कंत्राटी तंत्रज्ञ, सफाई कामगार, अपंग कर्मचारी आणि कॅन्सरमधून बरं झालेलं माणूस, प्रत्येकी किमान एक. त्यांची निवड त्या त्या कर्मचाऱ्यांनी करावी, केंद्राने नाही. बैठक मराठीत व्हावी आणि बैठकीच्या दिवसाचा पगार कापू नये.

जाहिरात मराठीतही काढा. ती ग्रामपंचायतीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लावा. मुलाखत आठ जिल्ह्यांपैकी कुठेतरी घ्या. क्षेत्रातल्या पदासाठी त्या भागातली भाषा येणं ही अट करा आणि अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला गुण द्या. पर्यवेक्षकाच्या निम्म्या जागा आतल्या बढतीने भरा. पदवी कमी पडत असेल तर काम करता करता ती पुरी करायची सोय करा. त्यासाठी मुक्त विद्यापीठ आहे, मी त्यातूनच आले.

समान संधी धोरण लिहा आणि फाटकाशी लावा. आजारातून परतणाऱ्या माणसासाठी त्यात स्वतंत्र कलम हवं: दाखल्यात ‘अमुक जमणार नाही’ असं असेल तर त्या एका कामाची पर्यायी सोय करायची, माणूस काढायचा नाही. त्या वाहनचालकाला परत घ्या. लिफ्ट शेवटचा कर्मचारी उतरेपर्यंत चालू ठेवा. याला तर बैठकही लागत नाही.

अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत, नव्या औषधांच्या चाचण्यांबाबतच्या २०१९च्या नियमांप्रमाणे, वैद्यकाबाहेरची एक सामान्य व्यक्ती असावी लागते. आपल्याकडे त्या जागेवर शहरातले निवृत्त प्राध्यापक आहेत. माणूस सज्जन आहे. तरी पुढच्या वेळी ती जागा ज्या गावांत अभ्यास चालू आहे तिथल्या बाईला द्या. संमतीपत्रातला कोणता शब्द कळत नाही हे ती पहिल्याच पानावर सांगेल. आणि कुठलाही फॉर्म छापण्याआधी क्षेत्रातल्या पाच बायांना वाचून दाखवा, त्यांनी सुचवलेला शब्द घ्या, त्यांची नावं इतिवृत्तात लिहा.

दरवर्षी एक तक्ता प्रसिद्ध करा: कोणत्या पदावर किती स्त्रिया, किती अपंग, कोणत्या सामाजिक प्रवर्गातले किती, मराठवाड्यातले किती, कायम किती, कंत्राटी किती. कुणाचं नाव नको, नुसते आकडे द्या. आकडे गोळा करायला आम्हाला आपणच शिकवलं आहे.

१७ सप्टेंबरला मुक्तिदिनाचं झेंडावंदन केंद्राच्या पटांगणात होतं. त्याच्या आत लेखी उत्तर मिळावं, मराठीत, आणि ते सूचना फलकावरही लागावं. चर्चेला बोलावलंत तर मी येईन, माझ्यासोबत सात जणी येतील. बैठक सकाळी अकराच्या पुढे ठेवा. वडवणीहून पहिली एसटी पकडूनही त्याआधी पोचता येत नाही.

आपली,
एक माजी क्षेत्र कार्यकर्ती
वडवणी तालुका, जिल्हा बीड